रात्रीचं दळण

परभणीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं डीटीपीचं काम चालतं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, दुकानांची बिलबुकं, कधी एखादी स्मरणिका. एप्रिल-मे म्हणजे आमची सुगी. २०२० च्या एप्रिलमध्ये मात्र छापून आलेल्या पत्रिकांचे गठ्ठे टेबलाखाली तसेच पडून होते. एकही लग्न ठरल्या तारखेला लागणार नव्हतं. एरवी ज्याला त्या दिवसांत दुपारचीही उसंत मिळायची नाही, त्या कॉम्प्युटरवर मी कापड टाकून ठेवलं होतं.

माझा भाचा पुण्यात शिकायला होता, लॉकडाउनमुळे तिथेच खोलीवर अडकलेला. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. एकदा म्हणाला, "मावशी, तुझा कॉम्प्युटर नुसता बसून आहे ना? मग त्याला कामाला लाव. करोनाच्या संशोधनाला मदत होईल."

ते ऐकून मला नांदेडचा क्लास आठवला. २००१ साली मी तिथे कॉम्प्युटर शिकत होते. सरांच्या मशीनवर कुणी बसलेलं नसलं की पडद्यावर एक रंगीत आलेख सरकत असायचा. सर सांगायचे, हा अंतराळातून कुणाचा संदेश येतोय का ते शोधतोय. ते होतं सेटी ॲट होम. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठाने १९९९ मध्ये सुरू केलेलं. अरेसिबोच्या दुर्बिणीने टिपलेल्या रेडिओ लहरींच्या नोंदी इतक्या प्रचंड, की त्यांचे छोटे तुकडे करून ते जगभरच्या घरगुती कॉम्प्युटरना वाटून दिले जायचे. स्वतःचा कॉम्प्युटर झाला की आपणही हे करायचं, असं मी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं. पुढे संसार, मुलं, कामाचा व्याप, आणि ते राहूनच गेलं. भाच्याला विचारलं तर म्हणाला, सेटीने ३१ मार्चपासून नवं काम वाटणं थांबवलं. पंधरा दिवसांनी चुकामूक झाली. त्याची चुटपुट मला अजून आहे.

पण त्याच विद्यापीठात डेव्हिड अँडरसन यांच्या पुढाकाराने तयार झालेलं बॉइंक हे फुकट सॉफ्टवेअर चालू होतं. ते उतरवून घ्यायचं, त्यात आपल्याला पटेल तो प्रकल्प निवडायचा, की काम आपोआप येतं, होतं आणि परत जातं. मी निवडला रोझेटा ॲट होम. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातला हा प्रकल्प. प्रथिनाची साखळी नेमकी कशी दुमडली जाते, हे शोधायला लाखो वेळा गणित मांडून बघावं लागतं आणि तेव्हा त्यांच्याकडे करोना विषाणूच्या प्रथिनांचं काम आलेलं होतं.

पहिल्याच रात्री मी सगळं लावून झोपले आणि सकाळी बघते तर काम पाच टक्क्यांवर अडलेलं. अर्ध्या तासाने कॉम्प्युटर स्वतःच झोपला होता. बॉइंक चालू आहे म्हणून विंडोज जागं राहत नाही, स्लीप आपणच बंद करावं लागतं. पडदा मात्र पाच मिनिटांत बंद होईल असं ठेवलं आणि स्क्रीनसेव्हर काढून टाकला, कारण तो नुसताच वीज खातो.

दुसऱ्या रात्री पंख्याचा आवाज मोठा झाला. सासूबाई मधल्या खोलीत झोपतात. सकाळी चहा घेताना म्हणाल्या, "रात्रभर कुणाचं दळण दळतोय गं हा?" मी त्यांना सांगितलं, तर त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर उमगलं. डबा दुसऱ्याचा, धान्य दुसऱ्याचं, गिरणी आपली. पीठ करून ज्याचं त्याला परत द्यायचं. तेव्हापासून आमच्या घरात ह्या कामाला दळण हाच शब्द आहे.

आवाज कमी व्हावा म्हणून मी सेटिंगमध्ये शिरले. तिथे दोन आकडे शेजारी शेजारी असतात. एक, किती टक्के सीपीयू, म्हणजे प्रोसेसरमधले गणित करणारे कोअर, वापरायचे आणि दुसरा, किती टक्के सीपीयू वेळ वापरायचा. मी दुसरा साठवर आणला. त्यानंतर पंखा धाप लागल्यासारखा वरखाली व्हायला लागला. कारण साठ टक्के वेळ म्हणजे बॉइंक दर काही क्षणांनी काम थांबवतं आणि पुन्हा पळवतं. चिप तापते, निवते, पुन्हा तापते. हा आकडा शंभरवरच ठेवावा. भार कमी करायचा तर पहिला आकडा कमी करावा, म्हणजे चारपैकी तीन कोअर कामाला लागतात आणि चौथा मोकळा राहतो. माझं मशीन २०१७ साली घेतलेलं, इंटेलचं आय५ ७४००, चार कोअरचं, ८ जीबी रॅमचं. त्याला हे लगेच मानवलं.

खरा प्रश्न विजेचा होता. लॉकडाउनमध्ये मीटरचं रीडिंग घ्यायला कुणी येत नव्हतं, त्यामुळे बिलावरून काही कळायला मार्ग नव्हता. ह्यांचा आग्रह एवढाच होता की किती जळतं ते आधी माहीत करून घे, मग खुशाल चालव. वीज मोजायचं यंत्र घरात नव्हतं आणि दुकानं बंद. मग मी मीटरपुढे जाऊन उभी राहिले. आमच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत ३२०० हा आकडा आहे. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट जळतं. घरातलं बाकी सगळं बंद करून दहा मिनिटं हे मोजलं तर कॉम्प्युटरची वीज कळायलाच हवी.

रविवारी सकाळी फ्रिज, पंखे, राउटर सगळं बंद केलं. आलेलं काम चालू असताना बॉइंकला इंटरनेट लागत नाही, ते फक्त देण्याघेण्यापुरतं. हे मोबाइलवर वेळ लावून दाराशी बसले, मी पायरीवर उभी राहून मोजायला लागले. पहिला आकडा भलताच आला. मागच्या खोलीत इन्व्हर्टर चार्ज होत होता, तो विसरला होता. तोही बंद केला आणि पुन्हा सुरुवात केली. कॉम्प्युटर नुसता चालू, काम नाही, तर दहा मिनिटांत १९ वेळा. दोन कामं लावली, ३६. तीन लावली, ४३. चारही कोअर, ४९. मी हे आकडे कालनिर्णयच्या मागे, दुधाच्या हिशेबाखाली लिहून ठेवले. ते पान मी अजून जपून ठेवलंय.

त्या चार आकड्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्याही सेटिंगने शिकवलं नव्हतं. चार कामं एकदम चालली तर एका कामाच्या वाट्याला बारा लुकलुक येतात. दोनच चालली तर अठरा. कारण काम असो वा नसो, मशीन चालू आहे म्हटलं की १९ जळणारच, आणि ते जेवढ्या कामांत वाटले जातील तेवढं प्रत्येक काम स्वस्त. एका पायलीच्या दळणासाठी गिरणी चालू करणं परवडत नाही, तसंच हे. मी तोवर उलटं करत होते. मशीनला त्रास नको म्हणून कोअर कमी लावायचे आणि दिवसरात्र चालू ठेवायचं. त्यापेक्षा थोडे तास, पण पूर्ण भाराने.

४९ लुकलुक म्हणजे ९२ वॅट होतात. चोवीस तास चालवलं तर महिन्याला ६६ युनिटं. उन्हाळ्यात कूलरमुळे आमचा वापर २६० च्या घरात असतो. महावितरणचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांना बदलतात. त्यात ६६ ची भर म्हणजे ३०० ची रेघ ओलांडायची आणि वरच्या युनिटांना चढा दर द्यायचा. रात्री ११ ते सकाळी ६ एवढंच चालवलं तर वीसच्या आत भागतं. बॉइंकमध्ये अशी वेळ ठरवून देता येते. मी ती दिली. रात्री हवाही त्यातल्या त्यात थंड असते.

त्यातल्या त्यात, कारण हे परभणी आहे. मे महिन्यात दिवसा पारा ४३-४४ वर आणि रात्रीही भिंतींतून धग बाहेर पडत असते. एका रात्री अकरानंतर सहज तापमान पाहिलं, प्रोसेसर ८८ अंशांवर. दुसऱ्या दिवशी कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीची एक जाडसर चकती बसली होती, नमद्यासारखी, कागदाच्या कातरणाचे बारीक तंतू मिसळलेली. ब्रशने आणि ब्लोअरने ती काढली. काढताना पंखा बोटाने धरून ठेवला, ब्लोअरने तो गरगर फिरू देऊ नये. भाच्याने सांगितल्याप्रमाणे प्रोसेसरवरची, उष्णता वाहून नेणारी, वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. तापमान ७९ वर आलं. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं आणि कूलरच्या थेट झोतातून हलवलं, कारण तो झोत दमट असतो.

मग भाच्याने एक गोष्ट सांगितली, ती मी आता भेटेल त्याला सांगते. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्के असते, ती ९९ करायची. एका टक्क्याने काय होणार, असं मलाही वाटलं होतं. पण त्याने टर्बो बंद होतो. प्रोसेसर आपल्या मूळ वेगाने, म्हणजे माझा ३ गिगाहर्ट्झने चालतो, वर उडी मारत नाही. मी पुन्हा मीटरपुढे उभी राहिले. चार कामं, ४३ लुकलुक. म्हणजे तिघांच्या विजेत चौघं. वेग थोडा उतरला, दहा तासांत व्हायचं तेवढं गणित व्हायला अकरा तास लागायला लागले, त्यामुळे एका कामामागे विजेची बचत तशी थोडीच. पण तापमान ६७ वर उतरलं आणि सासूबाईंना पंख्याचा आवाज येईनासा झाला. आमच्यासारख्या गावात उन्हाळ्यात घरचं मशीन वर्षानुवर्षं टिकवायचं असेल तर ही एक टक्क्याची गोष्ट सगळ्यात मोलाची आहे.

एक चूक मात्र अशी झाली की तिचा त्रास दुसऱ्यांना झाला. नेट कधीही जातं, म्हणून मी दहा दिवसांचं काम आधीच साठवून ठेवायला सांगितलं. मशीनने ढीगभर कामं ओढून घेतली. रोझेटाच्या कामाला मुदत तीन दिवसांची. सात तासांच्या रात्रीत ती सगळी होणं शक्यच नव्हतं. निम्म्याहून जास्त मुदतीबाहेर गेली, आणि मुदत टळलेलं काम पुन्हा दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनवर पाठवावं लागतं. म्हणजे तेवढे दिवस ते काम माझ्यामुळे अडकून राहिलं. ज्यांना उत्तराची घाई होती त्यांची वाट मी अडवली, ह्याने मला फार लागलं. आता साठा अर्ध्या दिवसाचा ठेवते. नेट एक दिवस गेलं तर मशीन रिकामं बसेल, बसू दे.

दिवाळीनंतर लग्नं पुन्हा सुरू झाली, माझं काम परतलं आणि दोघांची ओढाताण व्हायला लागली. पत्रिकेत देवाचं चित्र मोठं करावं तर कोरल, म्हणजे माझं पत्रिका जुळवायचं सॉफ्टवेअर, अडखळायचं. रोझेटाचं एकेक काम कधी कधी एक जीबीहून जास्त मेमरी धरतं. आठ जीबीत ती चार कामं, वर कोरल आणि फोटोशॉप, हे मावणारच नव्हतं. मग मी माउसला हात लावला की काम थांबावं असं सेटिंग केलं. त्यातही एक खोच निघाली. एका दुपारी एक काम ६१ टक्क्यांवर होतं. ग्राहक आला, मी प्रूफ उघडून दाखवलं, तो गेल्यावर बघते तर ५८. थांबवलेलं काम मेमरीतून काढून टाकलं जात होतं आणि परत सुरू होताना शेवटच्या नोंदलेल्या टप्प्यापासून उचललं जात होतं. थांबलेलं काम मेमरीत राहू द्या, अशी एक खूण तिथे असते. ती केल्यावर हे थांबलं. तरी कामाच्या दिवसांत मी दुपारचं चालवतच नाही. पोटाचं काम आधी.

इन्व्हर्टरचा प्रसंग सांगायलाच हवा. २०२१ च्या मेमध्ये एका रात्री एकच्या सुमारास वीज गेली. आमचे पंखे इन्व्हर्टरवर आणि कॉम्प्युटरचा प्लगही त्याच लाइनवर. कॉम्प्युटरला वीज गेल्याचं कळलंच नाही. बॅटरीवर काम थांबवायचं सेटिंग होतं, पण ते लॅपटॉपला उमगतं. इन्व्हर्टरवरच्या डेस्कटॉपला सगळी वीज सारखीच. तो चारही कोअर लावून दळत राहिला आणि पहाटे पाचला बॅटरी संपून सासूबाईंच्या डोक्यावरचा पंखा थांबला. त्यांना दम्याचा त्रास आहे. त्या काही बोलल्या नाहीत, उठून दारात जाऊन बसल्या. मी त्याच दिवशी प्लग इन्व्हर्टरवरून काढला. पुढे लहान यूपीएस घेतला, तोही मुद्दाम यूएसबी केबल असलेला. स्वस्तातल्या बऱ्याच यूपीएसना ती नसते, विचारून घ्यावं लागतं. ती केबल जोडली की विंडोजला यूपीएस बॅटरीसारखा दिसतो, आणि वीज गेल्याबरोबर बॉइंक आपोआप थांबतं.

रोझेटाचं काम मधूनमधून आटायचं, म्हणून २०२० च्या शेवटी मी आइन्स्टाइन ॲट होम हा अवकाशातल्या लहरी शोधणारा बॉइंकवरचाच प्रकल्पही जोडला होता. मुदत चौदा दिवसांची, मेमरी बेताची, आमच्या परिस्थितीला सोयीचं. तिथे एकच काम दोन वेगवेगळ्या मशीनना दिलं जातं आणि दोघांची उत्तरं जुळली तरच ग्राह्य धरतात. २०२१ च्या पावसाळ्यात माझी उत्तरं जुळेनात. आठवड्यात तीन कामं अग्राह्य. तापमान ठीक, वेग मूळचाच. शेवटी रात्रभर मेमटेस्ट हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर लावून ठेवलं. सकाळी पडदा लाल ओळींनी भरलेला. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक खराब झाली होती. आणि तेव्हा उलगडा झाला की कोरलच्या फायली मधूनच का उघडत नव्हत्या. मी फॉण्टना दोष देत होते. पट्टी बदलली, उत्तरं जुळायला लागली, फायलीही उघडल्या. दूरदेशीच्या कुणा अनोळखी माणसाच्या मशीनने माझ्या मशीनचं दुखणं दाखवून दिलं.

ह्या कामाचे गुण मिळतात आणि काही लोक त्या आकड्यांसाठी चढाओढ करतात. मला त्यात गोडी वाटली नाही. ग्राह्य धरलेलं काम किती आणि त्याला युनिटं किती, एवढंच मी लिहून ठेवते.

आइन्स्टाइनशी माझं नातं जुळलं त्याचं कारण औंढा नागनाथ. श्रावणात आम्ही दर्शनाला जातो. त्याच औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी, म्हणजे प्रचंड वस्तूंच्या हालचालीने अवकाशात उठणारे तरंग, टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा होणार आहे, चार चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची. केंद्राने २०२३ च्या एप्रिलमध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या लायगोने गुरुत्वीय लहर पहिल्यांदा टिपली १४ सप्टेंबर २०१५ ला. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली त्याची ती क्षणभराची खूण होती. पण एखादा न्यूट्रॉन तारा, म्हणजे मोठ्या ताऱ्याचा उरलेला अतिघन गाभा, फिरता फिरता सतत जी अगदी क्षीण लहर सोडत असेल, ती अजून कुणाच्याही हाती लागलेली नाही. तीच हुडकायला आइन्स्टाइन ॲट होम लायगोच्या नोंदी आम्हाला वाटतं. रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींतून पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत स्पंद देणारे न्यूट्रॉन तारे, शोधण्याचं कामही ते देतात. २०१० मध्ये त्यांचा पहिला पल्सार सापडला तो अमेरिकेतल्या आयोवातल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या एकाच्या घरच्या कॉम्प्युटरवर. हे मी सासूबाईंना औंढ्याच्या वाटेवर गाडीत सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग इथलं झालं की त्याचंही दळण आपल्याकडे येईल का?" यावं अशी माझी फार इच्छा आहे.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये रोझेटाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख डेव्हिड बेकर यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ती बातमी मी दोनदा वाचली आणि भाच्याला फोन केला.

तोवर मशीन बदललं होतं. २०२३ मध्ये रायझन ५ ५६००जी घेतलं, १६ जीबी रॅमसह. सहा कोअर, पण कामं एकदम बारा घेतं. बारा लावली की एकेक काम सावकाश होतं, तरी दिवसाकाठी निघणारी एकूण कामं सहापेक्षा जास्त भरतात, हे मी पंधरा-पंधरा दिवस दोन्ही करून पाहिलं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन प्रोसेसरला ४५ वॅटच्या मर्यादेत बांधलं. आता वीज मोजायचा प्लग घरात आहे, पण पहिल्या दिवशी मी मीटरपुढेच जाऊन उभी राहिले. बारा कामं, दहा मिनिटांत ४२ लुकलुक. जुन्या मशीनवर एवढ्यात चार व्हायची, आणि एकेक काम निघायला वेळ साधारण तेवढाच.

उन्हाळ्यात मात्र आता बंद ठेवते. मार्च संपत आला की नवं काम घेऊ नये ते बटण दाबायचं, हातातलं पुरं करून परत पाठवायचं, मग कॅबिनेट उघडून धूळ काढायची. दोन महिने मशीन फक्त पत्रिकांचं. मृगाचा पाऊस पडून रात्री गारवा आला की पुन्हा सुरू. यंदा पाऊस लांबला. जूनच्या मध्यावर एका सकाळी सासूबाईंनी चहाच्या वेळी विचारलं, "काय गं, दळण अजून बंदच का?" त्या रात्री अकराला मी बटण काढलं.